लेट रघोजी राव

तंजावूरच्या करंदै भागातल्या त्या गल्लीत चंद्रमतीबाईंना सगळेच ओळखत, पण त्यांना सवाष्ण म्हणावं की नाही हे कुणालाच ठरवता येत नसे. वरलक्ष्मी व्रताचं बोलावणं करत बायका निघाल्या की त्यांच्या दारापुढं पावलं घुटमळत. कुणी आत येऊन कुंकू लावून जाई, कुणी दारावरूनच हसून पुढं सरके. चंद्रमतीबाईंचा दोघींवरही राग नव्हता. त्यांचं त्यांना तरी कुठं ठरवता आलं होतं?

त्यांचे यजमान रघोजी राव पंपसेट दुरुस्त करायचे. एकोणीसशे एकोणनव्वद सालच्या आडी महिन्यात, म्हणजे आषाढात, एका बुधवारी सकाळी, पान्यांची पिशवी खांद्याला लावून ते निघाले. तिरुवैयारुपलीकडच्या एका खेड्यात मोटर बंद पडली होती. "जेवायला थांबू नकोस," एवढं म्हणाले आणि गेले. मोटर त्यांनी दुरुस्त केली. शेतकऱ्यानं दिलेलं ताक प्याले. मग कालव्याच्या बांधावरून बसच्या रस्त्याकडे चालत गेले. तिथवर त्यांना पाहिलेली माणसं आहेत. त्यापुढं पाहिलेलं कुणी नाही. कालव्यात गळ टाकून झाले, धर्मशाळा झाल्या, पेपरात फोटो झाला. पिशवीसुद्धा मिळाली नाही.

चंद्रमतीबाई पापनाशमच्या तालुका कचेरीत टायपिस्ट होत्या. रोज सकाळची बस, संध्याकाळची बस. त्यांचं टेबल वारस दाखल्यांचं. घरातला पुरुष गेला की त्याच्यामागं कोण कोण उरलं याचा कागद त्या टाइप करत. कागदावर पहिला शब्द असायचा 'लेट', म्हणजे कैलासवासी, आणि त्यापुढं गेलेल्याचं नाव. सात वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही तो मेला असं कायदा धरून चालतो, हेही त्यांना ठाऊक होतं. असे अर्ज त्यांच्याच हातून गेले होते. सातवं वर्ष उलटलं तेव्हा हेडक्लार्क हळूच म्हणाले होते, "अर्ज देऊन टाका अम्मा, पुढची कामं सोपी होतात." बाई "सरी", म्हणजे बरं, म्हणाल्या आणि मशीनमध्ये दुसऱ्याचा कागद चढवला. अर्ज त्यांनी दिला नाही. कुंकू पुसलं नाही.

अठ्ठ्याण्णव साली त्यांच्या धाकट्या भावानं, गणेशकुमारनं, बंगळुरात नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना लॉरी पार्सलनं बहिणीकडे पाठवून दिला. मुलगी हरिणी कॉलेजातून सुटली होती, तिला उपयोगी पडेल म्हणून. पण यंत्रावर बसल्या त्या चंद्रमतीबाईच. सव्वीस वर्षं टाइपरायटर बडवलेल्या बोटांना तो कीबोर्ड लोण्यासारखा लागला. रविवारी त्या गल्लीतल्या लोकांच्या लग्नाच्या, बारशाच्या, तेराव्याच्या पत्रिका बसवून देऊ लागल्या. फ्लॉपीवर घालून कीळवीदी रस्त्यावरच्या सुब्रमण्यमच्या छापखान्यात द्यायच्या, तो छापायचा. पत्रिका तमिळ आणि इंग्रजीत. घरात मराठी बोलणारी ही सगळी घरं, पण देवनागरी वाचणारं त्यांत एखादंच.

पुढच्याच थै महिन्यात, म्हणजे संक्रांतीनंतर, हरिणीचं लग्न ठरलं. तिची पत्रिका चंद्रमतीबाईंनी एका शुक्रवारी बसून स्वतः टाइप केली. लेट तुळजाराम राव यांची नात, श्री रघोजी राव यांची कन्या. 'श्री' टाइप करताना क्षणभर हात थांबला होता, असं त्या पुढं हरिणीला सांगायच्या. प्रूफ बघितलं, सही केली, चारशे पत्रिका आल्या. मायलेकींनी मिळून कोपऱ्यांना हळद लावली, पाकिटं भरली आणि पाठवून दिली. छापून आलेली पत्रिका कुणी पुन्हा वाचली नाही. स्वतःच्या घरची पत्रिका कोण वाचतं?

पाचव्या दिवशी दुपारी शेषम्मा आल्या. या रघोजींच्या थोरल्या बहीण, तिरुवैयारुला राहायच्या. केस ओले होते. डोक्यावरून नाहून, तशाच बसमध्ये बसून आल्या होत्या. मरणाची बातमी आली की नाहतात, तसं. उंबऱ्याच्या आत आल्या आणि हातातली पत्रिका पुढं धरली.

"तुज कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"काय कळलं, अक्का?"

"मज आधी सांगायचं की नाही? पाठचा भाऊ माझा. कागदावर वाचायचं मी?"

चंद्रमतीबाईंनी पत्रिका घेतली. हळदीचा कोपरा त्यांच्याच बोटाचा. मधोमध, सोनेरी शाईत, लेट रघोजी राव यांची कन्या.

"चूक झाली, अक्का," त्या म्हणाल्या. "छापखान्याची चूक. मज काहीच कळलेलं नाही. खरंच."

शेषम्मांनी पत्रिका परत घेऊन त्या ओळीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "अशी चूक होते का, चंद्रा? दुसरं नाव नाही धरलं. त्याचंच धरलं."

त्या गेल्यावर बाईंनी कॉम्प्युटर सुरू केला आणि पत्रिकेची फाइल उघडली. पडद्यावर पत्रिका आली. रघोजींच्या नावामागं 'लेट' नव्हतं, 'श्री' होतं. म्हणजे छापखान्याचीच चूक. त्यांनी फाइल बंद केली. मग हरिणीला दाखवावं म्हणून तिला हाक मारली आणि पुन्हा उघडली.

या खेपेला आजोबांच्या नावामागं काहीच नव्हतं. 'लेट' खाली मुहूर्ताच्या ओळीत जाऊन बसलं होतं.

"तू काही दाबलंस का अम्मा?" हरिणीनं विचारलं.

"हात बघ माझे. मांडीवर आहेत."

फाइल बंद केली, उघडली. काही बदललं नाही. बंद केली, उघडली. 'शुभ' हा शब्द हॉलच्या पत्त्यात गेला. दोघी खुर्चीला खुर्ची लावून बसल्या होत्या. बाहेर ऐन दुपारचं ऊन होतं, गल्लीत भाजीवाली ओरडत होती, आणि त्या पांढऱ्या पडद्यावर शब्द जागा बदलत होते. डोळ्यांदेखत नव्हे, पाठ वळली की. सातव्यांदा की आठव्यांदा उघडली तेव्हा ओळ अशी झाली होती: लेट हरिणी.

चंद्रमतीबाईंनी उठून भिंतीवरचं बटणच बंद केलं. बंद करायची रीत अशी नव्हे हे त्यांना माहीत होतं.

गांधीजी रोडवर हरिप्रसाद नावाचा तिशीतला एक मास्तर कॉम्प्युटरचे वर्ग घ्यायचा. तोही मराठी घरचाच. दुसऱ्या दिवशी कचेरीतून परतताना बाई तिथं गेल्या. हरिप्रसादनं सगळं ऐकून घेतलं आणि काही विशेष नसावं तसं मान हलवली.

"व्हायरस आहे मामी. कागदात लपणारा. फाइल उघडली की मधूनमधून एखादा शब्द उचलतो आणि दुसरीकडे टाकतो. एवढंच त्याचं काम."

"कुठला शब्द उचलायचा ते तो कसं ठरवतो?"

"ठरवत नाही. हाताला लागेल तो."

"आणि आला कुठून?"

"फ्लॉपीतून. छापखान्यात शंभर घरच्या फ्लॉप्या येतात. एकीचं दुसरीला लागतं, डोळे आल्यासारखं."

औषध काय, ते त्यानं सविस्तर सांगितलं. पेटीत मिळणारे विकतचे अँटीव्हायरस कंपन्यांसाठी ठीक. घरच्या एका यंत्राला फुकटातलं पुरतं, पण ते नीट निवडायला हवं. कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर येणारी सीडी त्यानं त्यांच्या हातात ठेवली. "यात तीन आहेत. पहिला तीस दिवस चालतो आणि मग झोपतो. दिसायला चालूच दिसतो, म्हणून तो नको. दुसरा नुसता सापडलं म्हणून सांगतो, साफ करत नाही. तिसरा घरगुती वापरासाठी कायमचा फुकट आहे, तो घाला. दर महिन्याच्या सीडीवर त्याची नवी यादी येते. ती घातली नाही तर तो जुन्याच चोरांना ओळखत बसतो. आणि मामी, एका वेळी एकच. दोन घालू नका."

चंद्रमतीबाईंनी दोन घातले, दुसरा आणि तिसरा. दोन वैद्यांना विचारलं तर काय बिघडतं, असं त्यांना वाटलं. दोन्ही जागे झाले आणि तिसऱ्यानं दुसऱ्याच्या यादीलाच व्हायरस ठरवलं. मग दुसऱ्यानं तिसऱ्याला. पडद्यावर इशाऱ्याच्या चौकटी एकीवर एक चढत गेल्या, माउसचा बाण गोठला आणि आतल्या डबीतून एक लांब, सपाट आवाज निघत राहिला, कुणी श्वास न घेता एकच अक्षर म्हणत असल्यासारखा. त्यांनी वायर ओढली. दुसऱ्या दिवशी हरिप्रसादनं घरी येऊन दुसरा काढला, तिसरा ठेवला, साऱ्या कागदांची आधी एक प्रत करून घेतली आणि तपासणी लावली. वर एक पट्टी भरत चालली, खाली फाइलींची नावं पळत होती. गल्लीतली लग्नं, बारशी, तेरावी. एकेका नावापुढं लाल खूण उमटत होती. त्रेचाळीस फाइली निघाल्या. हरिणीची पत्रिका त्यांत होती.

"बघा," हरिप्रसाद म्हणाला. "आता साफ केल्या. पण हललेले शब्द परत जागेवर येत नाहीत हं. ते तुम्हालाच वाचून लावावे लागतील."

त्या संध्याकाळी चंद्रमतीबाईंना पोटभर जेवण गेलं. तिरुवैयारुला त्यांनी निरोप धाडला, यंत्रात किडा होता, बाकी काही नाही. नव्या पत्रिका छापायचं ठरलं. चारच दिवस हातात होते, म्हणून छापखान्यातून परत आलेली ती पहिली फ्लॉपीही त्यांनी तपासायला घेतली. नवी पत्रिका तिच्यावरच घालायची होती.

तपासणी झटकन संपली. काही आढळलं नाही. फ्लॉपी स्वच्छ होती.

फ्लॉपीच्या कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडी होती. पत्रिका घातल्या घातल्या, त्या शुक्रवारीच, त्यांनी स्वतः ती सरकवली होती. खिडकी उघडी असली की फ्लॉपी वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही, ना माणसाला, ना किड्याला. बाईंनी फाइल उघडली. लेट तुळजाराम राव यांची नात, लेट रघोजी राव यांची कन्या. दोन्ही ठिकाणी. शब्द उचलून नेलेला नव्हता. पहिला जागच्या जागी होता आणि दुसरा नवा होता.

त्यांनी ती बंद केली, उघडली. दहा वेळा, वीस वेळा. एकही शब्द हलला नाही.

त्यांनी हरिप्रसादला विचारलं. "त्या दिवशी यंत्रात व्हायरस असता तर फाइल सेव्ह करताना त्यात शिरलाच असता मामी. फाइल साफ आहे म्हणजे तेव्हा तो नव्हता. मागून आला."

"मग हा शब्द?"

"टाइप झाला असेल," तो म्हणाला, आणि लगेच म्हणाला, "तुमच्या मशीनवरच्या फाइलीत 'श्री' होतं म्हणता ना? मग तेही बसत नाही. मज नाही सांगता येत."

बाई कीळवीदीला गेल्या. सुब्रमण्यमनं भिंतीवरच्या तारेत ओवलेल्या कागदांतून त्यांचं प्रूफ काढून दिलं. लेट रघोजी राव. खाली त्यांची सही, जांभळ्या शाईत, तारखेसकट. फोन नंबरातला एक आकडा त्यांनी दुरुस्त केला होता. म्हणजे कागद वाचला होता, नीट वाचला होता. सव्वीस वर्षं ज्या बोटांनी मेलेल्यांची नावं टाइप केली, ती कुणा पुरुषाचं नाव आलं की आपसूक 'लेट' उमटवत असतील. ते त्यांना पटण्यासारखं होतं. पण डोळे? त्यांनी सही कशावर केली होती?

हे त्यांनी त्या वेळी कुणाला सांगितलं नाही. नवी पत्रिका टाइप केली. रघोजींच्या नावामागं या वेळी काहीच घातलं नाही. हरिणीकडून मोठ्यानं वाचून घेतली, छापून आल्यावर पुन्हा वाचली. शेषम्मांनी दर्भाचा पुतळा करून रघोजींची क्रिया उरकून घ्यायचा विषय काढला, सुतकाचे दिवस मोजून दाखवले. चंद्रमतीबाई नको म्हणाल्या. लग्न झालं. गणेशकुमारनं आणि त्याच्या बायकोनं कन्यादान केलं. बाई खांबाजवळ बसून होत्या, कुंकू लावून. हॉलच्या दारात कुणी पुरुष उन्हाला पाठ करून उभा राहिला की त्यांची नजर तिकडं जायची. हरिणीला ते दिसत होतं.

लग्नाला आठ दिवस झाले आणि टपालानं एक पाकीट आलं. आत पत्रिका होती, जुनी, चुकीची. 'लेट रघोजी राव' यातला 'लेट' शाईनं खोडलेला होता. एकच सरळ रेघ. चिठ्ठी नाही, नाव नाही. पाकिटावरचा पत्ता इंग्रजी मोठ्या अक्षरांत, सरकारी फॉर्म भरतात तसा; त्यावरून हात ओळखणं शक्य नव्हतं. शिक्का तंजावूरचाच होता.

बाईंनी पत्रिका उलटीसुलटी करून बघितली. कोपऱ्याला हळद नव्हती. घरातून गेलेल्या प्रत्येक पत्रिकेला त्यांनी आणि हरिणीनं हळद लावली होती. ही त्यांच्या हातून गेलीच नव्हती.

सुब्रमण्यमला विचारलं, तर त्यानं दुकानाच्या दर्शनी फळीकडे बोट दाखवलं. प्रत्येक लग्नाची एक पत्रिका तो तिथं नमुना म्हणून टाचतो. हरिणीच्या पत्रिकेच्या जागी नुसती टाचणी होती.

"कोण घेऊन गेलं?"

"मामी, दिवसाला पन्नास माणसं नमुने बघतात. वडील माणसं असतात सगळी. मुलींची लग्नं असतात."

"कुणी एकटा? पिशवी घेतलेला?"

त्यानं जरा आठवून बघितलं. "पिशवी सगळ्यांकडेच असते," तो म्हणाला.

तो कागद घेऊन त्या तिरुवैयारुला गेल्या आणि शेषम्मांना सगळं सांगितलं. फ्लॉपीचं, प्रूफाचं, सहीचंही. शेषम्मा ओसरीत बसून ती रेघ बोटानं चाचपत राहिल्या.

"त्याचाच हात," त्या म्हणाल्या.

"रेघेवरून हात कसा कळेल, अक्का?"

"तुझ्या बोटांनी त्याला मारलं. तो नाही म्हणून सांगतोय."

"जिवंत आहे तर येत का नाही? याच गावात आहे तर?"

शेषम्मांनी पत्रिका परत दिली. "असेल तर येईल असं कुणी सांगितलं तुज?" त्या म्हणाल्या.

त्यानंतर काही महिने चंद्रमतीबाई जुन्या बसस्टँडवर उतरल्या की लगेच घरी येत नसत. बाकावर बसून उतरणारी माणसं बघायच्या. पन्नाशीतले, साठीतले पुरुष. दहा वर्षांत माणूस किती बदलतो याचा त्यांना अंदाज येईना. समोरून गेला तरी ओळखू येईल की नाही, याचीच खात्री वाटेनाशी झाली. एकदा एका म्हाताऱ्याच्या मागोमाग त्या देवळापर्यंत गेल्या. त्यानं वळून बघितलं, तेव्हा त्या चेहऱ्यावर ओळखीचं काही नव्हतं. पण तोही थांबला होता, आणि बराच वेळ थांबला होता. मग गर्दीत मिसळून गेला. पुढं त्यांनी तो नाद सोडला.

यंत्र त्यांनी टाकलं नाही. दर महिन्याची सीडी आली की पहिल्या रविवारी नवी यादी घालायच्या आणि तपासणी लावून समोर बसून राहायच्या. गल्लीतले लोक छापखान्यात जायच्या आधी आपापल्या फ्लॉप्या त्यांच्याकडून तपासून घेऊ लागले. "दोन नका घालू," हे त्या सगळ्यांना सांगत. किडे सापडत, साफ होत. मूळ पत्रिकेची ती फ्लॉपीही त्या प्रत्येक नव्या यादीनिशी तपासायच्या. नव्या यादीत एखाद्या वेळी हा शब्द घालणाऱ्या किड्याचं नाव येईल, असं त्यांना वाटे. हरिप्रसादच म्हणाला होता, आज ओळखता न येणारा उद्या ओळखू येतो. उत्तर दर वेळी तेच यायचं. काही आढळलं नाही.

दोन हजार तीनच्या पुरट्टासीत, भाद्रपदाच्या सुमारास, शेषम्मा गेल्या. तेराव्याचा कागद चंद्रमतीबाईंनीच टाइप केला. खाली दुःखात सहभागी असणाऱ्यांची नावं असतात. भाऊ म्हणून त्यांनी रघोजींचं नाव घातलं, मागं कुठलाही शब्द न लावता, आणि चुलत घरच्या लोकांनी विचारलं तेव्हा "असू दे" म्हणाल्या. सुब्रमण्यमच्या दुकानी स्वतः जाऊन त्यांनी एक प्रत दर्शनी फळीवर टाचून घेतली.

तेराव्याला पंगत बसली. एक पान जास्तीचं मांडलं होतं, ते कुणी मांडलं यावर नंतर थोडी चर्चा झाली. महिनाभर चंद्रमतीबाई पोस्टमनची सायकल ऐकून दाराशी येत राहिल्या. टपाल आलं नाही. महिन्यानं त्या छापखान्यात गेल्या तेव्हा कागद फळीवर जसाच्या तसा होता, उन्हानं पिवळा पडलेला. त्यांनी टाचण्या काढल्या, कागदाची घडी केली, पिशवीत घातली आणि कचेरीला जायची रोजची पापनाशमची बस पकडली.